धमनी बांधण्याआधी जरा थांबा

वर एकांनी लिहिलंय की मानेतली मोठी धमनी बांधली की गालावरची गाठ सुकते. लहान बाळाच्या हेमान्जिओमाचा (रक्तवाहिन्यांच्या गाठीचा) प्रश्न वेगळा, पण एव्हीएम, म्हणजे धमन्या आणि शिरा थेट एकमेकींना जोडल्या जाऊन झालेला गुंता, असेल तर कृपा करून हे करू नका. आजूबाजूच्या, अगदी दुसऱ्या गालाकडच्याही बारीक वाहिन्या रुंदावतात आणि गुंता पुन्हा भरतो. शिवाय मांडीतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन एम्बोलायझेशन करायची, म्हणजे गुंत्यातल्या वाहिन्या आतूनच बंद करायची, सरळ वाट आपणच बुजवलेली असते.

माझ्या धाकट्या भावाचं हेच झालं. गालाला बोट लावलं की मांजर गुरगुरावं तशी थरथर लागायची. धमनी बांधली आणि दीड वर्षात सूज ओठापर्यंत आली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी आडवाटेने एम्बोलायझेशन केलं आणि नव्या वाहिन्या फुटायच्या आत, दोनच दिवसांनी, सगळा गुंता काढला. खड्डा मांडीच्या फ्लॅपने (रक्तवाहिन्यांसकट काढलेल्या तुकड्याने) भरला, पण या बाजूची धमनी गेलेली, म्हणून तो मानेच्या पलीकडच्या वाहिन्यांना जोडावा लागला. त्या रात्री सिस्टर तासातासाला टॉर्च मारून फ्लॅपचा रंग बघत होत्या. त्यामुळे सर्जनना पहिल्याच भेटीत विचारा, सोबत इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (असं एम्बोलायझेशन करणारे डॉक्टर) आहेत का?