बंदुकीत चिप बसवायची का? मदत हवी आहे
राजेहो, जरा सांगा. बाबांची लायसन्सवाली बारा बोर आहे, उमरेडकडच्या शेतात रानडुकरांसाठी घेतलेली. दुरुस्तीवाला म्हणते लाकडी दस्त्यात आरएफआयडी चिप (रेडिओ लहरींनी आपला नंबर सांगणारी बारकी चिप) टाकून घ्या, चोरी गेली तर ओळख पटते. पण बिनबॅटरीची चिप जीपीएससारखी जागा थोडीच सांगते, रीडर जवळ नेला की नंबर देते फक्त, अन् तो नंबर बाबांच्या नावाशी जोडून कोणाकडे राहणार, उद्या भलत्याला कळलं की या घरी बंदूक आहे तर? नंबर तसाही लोखंडावर ठोकलेला आहेच, लायसन्सला युआयएन (सरकारी ओळख नंबर) पण आहे. 2017 ला सुप्रीम कोर्टानं प्रायव्हसी मूलभूत हक्क म्हटला, तो इथं कामी येते का? कोणी वकील किंवा लायसन्सधारक असाल तर प्लीज सांगा, चिपला नाही म्हटलं तर रिन्यूअलला त्रास होते का? बाबा फार टेन्शनमध्ये आहेत.