सल्ला हवाय: नर्सिंग, फिजिओ आणि इंटर्न एकत्र पोस्टिंगला कुठे पाठवावेत?

लिंबूसरबत: मी नर्सिंग कॉलेजात ट्यूटर. आमच्या ६ मुली, फिजिओचे ४ आणि एमबीबीएसचे ४ इंटर्न, असं २ आठवड्यांचं एकत्र पोस्टिंग लावायचंय. बजेट ४०,०००. पीएचसी (गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र) की मोठं हॉस्पिटल?

जुनाबोरू: मोठं हॉस्पिटल, डोळे मिटून. आम्ही एसी बस केली, हॉटेलात राहिलो. लाखाच्या वर गेलं, पण पोरं खूश.

लिंबूसरबत: दादा, ४०,००० म्हटलंय.

गावचाडॉक्टर: पीएचसी. आधी परवानगीची पत्रं नीट काढा. पीएचसीसाठी झेडपीचे डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी), ग्रामीण रुग्णालयासाठी सिव्हिल सर्जन (जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख). मी एकच पत्र दोन्हीकडे फिरवलं, तीन आठवडे टेबलाटेबलावर गेले.

कडकचहा: पत्राचं सोडा, इंटर्न सोडणार कोण? त्यांच्या इंटर्नशिपमधल्या कम्युनिटी मेडिसिनच्या (गावा-वस्तीतल्या आरोग्यकामाच्या) १२ आठवड्यांतच बसवा, नाहीतर लॉगबुकवर सही कुणाची यावरून रडारड. आमच्याकडे इंटर्न ओपीडीत मिरवत होते आणि मुली गॉजच्या घड्या घालत होत्या.

नाईटड्युटी: मिरवत? रात्रभर जागतं कोण?

कडकचहा: सिस्टर.

जुनाबोरू: म्हणूनच मोठं हॉस्पिटल म्हणतोय.

फिजिओबाई: ताई, जागा कुठलीही घ्या, पण तिघांना मिळून एकच पेशंट द्या. आमचे पक्षाघाताचे एक आजोबा होते. इंटर्नने बीपी, गोळ्या सगळं लिहिलं. नर्सिंगच्या मुलीने कुशीवर वळवलं तर माकडहाडाशी जखम. आमच्या फिजिओच्या पोराने विचारलं, "आजोबा, संडासला कसे जाता?" आजोबा गप्प. दोन पायऱ्या चढवत नाहीत म्हणून त्यांनी पाणी पिणंच कमी केलं होतं. संध्याकाळी तिघांना एका कागदावर लिहायला बसवलं, तेव्हा कुठे एकमेकांचं ऐकलं.

गावचाडॉक्टर: हेच पीएचसीत होतं. आणि डीएचओंचं पत्र विसरू नका.

सेवाग्रामकर: आमची सेवाग्राम मेडिकलची पहिल्या वर्षाची अख्खी बॅच खेड्यात मुक्कामाला असायची. तेव्हा असले धागे काढावे लागत नसत.

नाईटड्युटी: सिस्टर एकट्या जागत नाहीत, एवढंच.

लिंबूसरबत: सगळ्यांचे आभार. ठरलं, दोन्ही नाही. आमच्याच संस्थेचं वस्तीतलं शहरी आरोग्य केंद्र, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मुक्काम नाही, पत्रही घरातलंच. फिजिओबाईंचा एक पेशंट-एक कागद मात्र घेतला. चहा-नाश्ता, रिक्षा धरून १८,००० मध्ये बसतंय.

जुनाबोरू: उरलेल्या पैशात बस झाली असती की.