सासूबाईंना लग्नातला टांगा आठवतो, सकाळचे पोहे नाही, असं का होतं?

रामबागवाली: सासूबाई ७८ च्या. ग्वाल्हेरहून लग्न होऊन इंदूरला आल्या तेव्हा स्टेशनवर टांगेवाल्याशी काय हुज्जत झाली ते शब्दन् शब्द सांगतात, पण बशीला पोह्यांवरचं शेव-जिरावण अजून चिकटलेलं असतं आणि विचारतात, आज नाश्ता नाही का गं? न्यूरोलॉजिस्टनी अल्झायमर सांगितलंय, एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आकसलाय म्हणे. नणंद म्हणते सगळी नाटकं, सोयीचं तेवढं बरं आठवतं. नक्की होतं काय मेंदूत?

लष्करकर: नाटकं अजिबात नाहीत ताई. हिप्पोकॅम्पस दोन्ही बाजूंना कानाच्या लेव्हलला आत खोल असतो, नवीन आठवण पक्की करायचं काम त्याचं, आणि हा आजार साधारण त्याच भागात आधी घुसतो. म्हणजे पोहे विसरल्या असं नाहीच, ते नोंदलेच गेले नाहीत. टांगा मात्र इतक्या वर्षांत मेंदूच्या बाहेरच्या थरात ठिकठिकाणी पक्का बसलाय, तो उशिरा जातो (जातो तोही, पुढे). पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचतं, आत टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनचा गुंता होतो, मग पेशींचे एकमेकींशी जोड तुटतात आणि शेवटी पेशीच मरतात, म्हणून मेंदू आकसतो. १९०६ मध्ये जर्मनीत डॉ. अलॉइस अल्झायमरनी एका बाईच्या मेंदूत मायक्रोस्कोपखाली हेच दोन्ही पाहिलं होतं. हे साचणं लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीपासून चालू असतं, त्यामुळे तुमच्या घरात कुणाचं काही चुकलंय असं मनात आणू नका.

भियाजी_५६: बी१२ आणि थायरॉइड केलं ना? त्यानेही विसरायला होतं आणि ते औषधाने सुधारतं, आपल्याकडे शाकाहारी घरात बी१२ ची बोंबच असते.

पेटीवाले: आमचे काका सुट्टे पैसे मोजू शकत नाहीत पण पेटी समोर ठेवली की भूप व्यवस्थित वाजवतात, नातवाचं नाव विचारलं की गप्प. हाताच्या सवयीचा कारभार मेंदूत वेगळीकडे चालतो, तो बराच काळ टिकतो. सासूबाईंना मटार सोलायला द्या, बघा.

रामबागवाली: बी१२, थायरॉइड दोन्ही नॉर्मल. डॉक्टरांनी आठवणीसाठी डोनेपेझिल नावाची गोळी चालू केलीय, तेव्हापासून मळमळ म्हणतात, बंद करू का?

लष्करकर: मनाने बंद नका करू, सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात बऱ्याच जणांना. डॉक्टरांना फोन करा, डोस किंवा वेळ बदलून देतील. आणि ही गोळी आजार थांबवत नाही हं, आठवणीला लागणारं अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं मेंदूतलं रसायन कमी पडतं ते जरा टिकवून धरते, एवढंच.