चर्चा: मागे पोर्ट असलेले स्पीकर लहान खोलीत भिंतीजवळ ठेवावेत का?

खर्ज:
मागे पोर्ट, म्हणजे बेस वाढवण्यासाठी पेटीला ठेवलेलं हवेचं भोक, असला की ‘भिंतीपासून तीन फूट लांब ठेवा’ हा सल्ला ठरलेला. पण दहा बाय बाराच्या खोलीत तीन फूट सोडले, तर ऐकणारा मागच्या भिंतीला टेकतो आणि तिथे बेस आणखी फुगतो. माझं स्पष्ट मत: अशा खोलीत हे स्पीकर भिंतीजवळच हवेत. हवेच्या ये-जा करण्याला पोर्टच्या व्यासाएवढी फट पुरते. मी १० सेंटीमीटर ठेवतो. पोर्टचं काम चालतं ५० हर्ट्झच्या आसपास, आणि तिथे ध्वनिलहर जवळपास ७ मीटर लांब असते. पोर्टचं तोंड पुढे आहे की मागे, याने मग फारसा फरक पडत नाही.

डग्गा:
अजिबात पटत नाही. तबला लावून ऐका. मींड संपली तरी डग्गा घुमतच राहतो आणि तानपुऱ्याचा खर्ज चिखल होतो. शिवाय खोलीच्या बारा फूट लांबीचा पहिला अनुनाद (ज्या स्वराला खोली स्वतःच घुमते तो) ४७ हर्ट्झला येतो, म्हणजे पोर्टच्या ऐन जागी, आणि भिंतीलगतचा स्पीकर तो सगळ्यात जोरात चेतवतो. दोन फूट तरी पुढे ओढा.

खर्ज:
ओढा, आणि मोजून पाहा. दोन फूट फट अधिक स्पीकरच्या पेटीची पुढून मागे लांबी धरली, तर समोरची बाजू भिंतीपासून ९० सेंटीमीटरवर येते. भिंतीवरून परतलेली लहर ९५ हर्ट्झच्या आसपास उलटी येऊन मूळ आवाज खाते. डग्ग्याचा जीव तिथेच आहे हो! फुगलेला बेस इक्वलायझरने कापता येतो. हा खड्डा कितीही आवाज वाढवला तरी भरत नाही. भिंतीजवळ ठेवलं की खड्डा २१५ हर्ट्झपर्यंत वर सरकतो, तिथे चार इंच रॉकवूल (आवाज शोषणारी तंतूंची गादी) बराच उपयोगी पडतो.

डग्गा:
१० सेंटीमीटरच्या फटीत चार इंच रॉकवूल? मग पोर्टला हवा कुठून मिळणार?

ठाणेकर:
पोर्टमध्ये फोमचा बोळा घाला. केईएफ कंपनीच्या एलएस५० या स्पीकरबरोबर तो येतोच. पोर्ट बंद केला की बेस खाली जाताना ऑक्टेव्हमागे (म्हणजे हर्ट्झ निम्मे झाले की) २४ ऐवजी साधारण १२ डेसिबलने उतरतो, आणि भिंतीमुळे बेसला मिळणारी भर त्या उताराशी छान जुळते. बीबीसीचा एलएस३/५ए हा स्पीकर मुळातच बंद पेटीचा, आणि तो बनवला होता प्रक्षेपणाच्या व्हॅनमधल्या जागेसाठी.

डग्गा:
पोर्ट बुजवायचाच, तर पोर्टचा स्पीकर घ्यायचा कशाला? त्या बोळ्याने पखवाजाचं वजन जातं, ते मला नको. मी दोन फुटांवरच ठेवीन आणि ९५ चा खड्डा खुर्ची पुढेमागे सरकवून सांभाळीन.

खर्ज:
खुर्ची सरकवून खोलीचे अनुनाद बदलतील. हा खड्डा स्पीकर आणि त्याच्या मागच्या भिंतीमधला आहे. समोर बसणाऱ्याला तो खुर्ची कुठेही नेली तरी जवळपास तिथेच सापडेल. सरकवायचा तर स्पीकरच.