हिस्टेरोस्कोपीला घरात काय म्हणावं?

धंतोलीकर : सोनोग्राफीत पॉलिप (पिशवीच्या अस्तरावरची गाठ) दिसला म्हणून वहिनीला ‘हिस्टेरोस्कोपी’ सांगितली आहे. आजी तेव्हापासून एकच विचारते, “पिशवी काढून राह्यले का रे तिची?” सरळ मराठी शब्द सुचवा.

कोशकिडा : आजींच्या कानात हिस्टरेक्टमी बसली आहे. दोन्हींच्या मुळाशी ग्रीक ‘हिस्टेरा’, म्हणजे गर्भाशय. पुढे ‘एक्टमी’ आलं की कापून काढणं, ‘स्कोपी’ आलं की पाहणं. (हिस्टेरियाही याच घराण्यातला. बाईच्या त्राग्याचं खापर गर्भाशयावर!) संस्कृत वळणाचा शब्द हवा तर ‘गर्भाशयदर्शन’.

महालवाली : दर्शन? रांगेत उभं राहायचं आहे का बाप्पा? ‘दुर्बिणीनं तपासणी’ म्हणा न.

सिस्टर : मी सरकारी दवाखान्यात काम करते. नुसतं ‘दुर्बीण’ म्हटलं की घोळ होतो. आमच्याकडे खेड्यापाड्यातून येणाऱ्या बायकांसाठी ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणजे कुटुंबनियोजनाचं, पोटाला भोक पाडून केलेलं. मूल राहत नाही म्हणून आलेल्या बाईला हाच शब्द सांगितला तर ती घाबरून घरी निघून जाईल. इथे पोटाला छेदच नसतो. काही मिलिमीटर जाडीची नळी योनिमार्गातून, पिशवीच्या तोंडातून आत जाते. आतली पोकळी मिटलेली असते, ती सलाईननं फुगवतात आणि पडद्यावर बघतात. शक्यतो पाळी संपल्यावर लगेच, कारण तेव्हा अस्तर पातळ असतं. क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडणं, अंदाजानं होतं, हे डोळ्यांसमोर. पॉलिप, पोकळीत डोकावणारा फायब्रॉइड (स्नायूची गाठ), मधला जन्मजात पडदा, चिकटलेल्या भिंती, दोरा हरवलेली कॉपर-टी, बहुतेक वेळा सगळं त्याच वाटेनं काढता किंवा सोडवता येतं.

कोशकिडा : मग ‘दर्शन’ आणि ‘तपासणी’ दोन्ही अपुरे, मागे घेतो. १८६९ साली पँटालिओनी नावाच्या डॉक्टरनं एका साठीच्या बाईच्या गर्भाशयात नळीतून पॉलिप पाहिला आणि सिल्व्हर नायट्रेटनं तो डागलाही. पाहणं आणि उपचार तेव्हापासूनच जोडीनं आहेत.

धंतोलीकर : चिठ्ठीवर ‘ऑपरेटिव्ह’ लिहिलंय. आजीला काय सांगू?

सिस्टर : चिठ्ठीवरचं नाव बदलू नका, फाइल शोधताना तेच लागतं. आजीला सांगा : “खालच्या मार्गानं पिशवीत दुर्बीण घालून गाठ काढणार. पोट कापणार नाही, पिशवी जागेवरच राहणार.”