मदत हवी आहे: विमानप्रवासाच्या पॉइंटांसाठी एअर इंडियाचा महाराजा क्लब सोडून इंडिगोच्या ब्लूचिप योजनेकडे वळावं का?

मंडळी, वाळूजच्या कंपनीच्या कामानं मला चिकलठाण्याहून सारखं दिल्ली-मुंबई करावं लागतं. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा माझे क्लब विस्ताराचे पॉइंट महाराजा क्लबात आले. पण मला इथून सोयीच्या वेळा पडतात इंडिगोच्या.

जीव अडकलाय तो एकाच गोष्टीत. एअर इंडिया स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे, लुफ्तान्साही त्यातच, म्हणजे लेकीकडे फ्रँकफर्टला जाताना लुफ्तान्साचं तिकीटही त्या पॉइंटवर निघू शकतं. इंडिगो त्या अलायन्समध्ये नाही. बायको म्हणते, "चार पॉइंटांसाठी अडनिड्या वेळेला कोण निघणार?" तेही खरंच.

दोन्ही खाती ठेवली तर पॉइंट विखुरून कुठलेच कामाला येत नाहीत, असं होतं का? पॉइंटवर तिकीट प्रत्यक्ष काढलेलं कुणी आहे का इथं? वरून कर नि चार्जेस किती भरावे लागले, तेवढं सांगा.