प्रतिसाद: ई-टाईपला ड्राय संप
आधी संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या तबकात) बॅफल, म्हणजे ऑइल एका बाजूला पळू नये म्हणून आडवे पत्रे, लावून बघा हा वरचा सल्ला रस्त्यावरच्या जॅग्वार ई-टाईपसाठी बरोबरच आहे, पण मूळ प्रश्न ट्रॅकवर लांब वळणात ऑइल प्रेशरचा काटा खाली येतो असा आहे, आणि टायर आजच्या ग्रिपचे असतील तर बॅफल कुठेतरी कमी पडणारच. जॅग्वारने स्वतः १९५४ च्या डी-टाईप या रेसिंग गाडीला याच एक्सके इंजिनवर ड्राय संप (ऑइल इंजिनखाली न साठवता वेगळ्या टाकीत ठेवायची पद्धत) दिला होता, त्यामुळे इंजिन खालीही बसवता आलं, म्हणजे हे काही गाडीच्या स्वभावाविरुद्ध नाही.

माझं सगळं लक्ष टाकीवर असतं. उंच आणि अरुंद घ्या, बुटकी नकोच, आणि परत येणारं ऑइल वरून भिंतीला घासून गोल फिरत उतरलं पाहिजे, कारण स्कॅव्हेंज पंप (इंजिनखालचं ऑइल टाकीत परत खेचणारा) ऑइलसोबत भरपूर हवा ओढतो आणि तो फेस टाकीतच बसला नाही तर बेअरिंगला हवाच जाते मग एवढा खर्च करून काय उपयोग! टाकीकडून पंपाकडे जाणारा पाइप जाड आणि शक्य तितका सरळ ठेवा.

एक्सकेमध्ये मूळ ऑइल पंप आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) एकाच ड्राइव्हवर चालतात, तेव्हा पंप काढताना त्या शाफ्टला खालून आधार राहतोय ना ते नक्की बघा. पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून, इग्निशन बंद ठेवून स्टार्टरवर फिरवा, काटा वर आला की मगच प्लग लावा. आणि ऑइलची पातळी इंजिन गरम झाल्यावर, चालू असतानाच तपासा.